पाणी मुरायला एकवीस दिवस

पगार नसलेल्या दिवशी जो माणूस कामावर येतो, तो कामासाठी येत नाही, असं आईचं ठाम मत होतं. आणि झाकण्या रविवारीही यायचा. पहाटे पाचला मागच्या फाटकाची कडी वाजायची, मग पंप सुरू व्हायचा, मग झारीतून पाणी पडल्याचा बारीक आवाज, आणि त्यानंतर बराच वेळ काहीच नाही. हे 'काहीच नाही' आईला छळायचं. स्वयंपाकघराच्या खिडकीशी उभी राहून ती कान द्यायची. गप्प माणूस एक तर झोपलेला असतो, नाही तर काहीतरी करत असतो, आणि झाकण्या झोपणाऱ्यातला वाटत नव्हता.

"रविवारी कशाला येतो गं तो?" तिने लेकीला विचारलं.

"पाणी मारायला."

"रविवारी?"

"ब्लॉकना रविवार कळत नाही, आई."

लेक पुन्हा मोबाइलमध्ये शिरली. कुठंतरी पाणी मुरतंय, आई मनाशी म्हणाली, आणि ते नेमकं कुठं मुरतंय ते शोधून काढायचं तिने त्याच सकाळी ठरवलं.

घरामागच्या मोकळ्या जागेत लेकीचा कारखाना होता. कारखाना आपला म्हणायचा. पत्र्याची एक शेड, दाबाचं एक मशीन, मातीचा ढीग, मोठी चाळणी आणि मोजकी माणसं. माती चाळायची, तिच्यात वाळू आणि थोडं सिमेंट मिसळायचं, जेमतेम मूठ वळेल इतकं पाणी घालायचं आणि मशीनमध्ये दाबून मातीचा ब्लॉक काढायचा. भट्टी नाही, धूर नाही. पण भाजायचं नाही म्हणूनच पुढचे एकवीस दिवस तो ओला राखायचा. प्लास्टिकच्या कागदाखाली झाकून, दिवसातून तीनदा पाणी मारून. हे शेवटचं काम झाकण्याचं.

नाव मशीनवाल्याने ठेवलेलं. लेक त्याला काका म्हणायची. साठी उलटलेला, काटकुळा माणूस. सिमेंटच्या पाण्याने बोटांना भेगा पडलेल्या. चहाच्या कपावर बशी, डब्यावर फडकं, फडक्यावर टोपी. उघडं काही ठेवायचाच नाही. "हा बाबा उद्या सूर्यावरही कागद टाकील आणि चार कोपऱ्यांवर दगड ठेवील," मशीनवाला म्हणायचा, आणि झाकण्या नुसता मान हलवायचा, जणू कागद किती मीटर लागेल याचा विचार करतोय.

आईला त्या नावात विनोद दिसत नव्हता. ज्याच्याकडे लपवण्यासारखं काही नाही, त्याला झाकायची एवढी हौस कशाला?

एकदा तिने त्याला मुद्दाम ओट्यावर बसवून चहा दिला. गरम चहाने माणूस बोलता होतो, हा तिचा अनुभव.

"घर कुठं तुमचं?"

"आता खोली आहे, नाल्यापलीकडे."

"आणि आधी?"

"आधी बिल्डिंगीत होतो, माई."

"कुठल्या?"

"बाराएक झाल्या असतील."

मग हळूहळू उलगडा झाला. झाकण्याने जन्मभर बांधकामांवर पाणीच मारलं होतं. स्लॅब ओतला की गवंडी, मजूर, मुकादम, सगळे सुट्टी घेऊ शकतात, पाणीवाला नाही. म्हणून तो तिथंच राहायचा, टेकूंच्या जंगलात, दुसऱ्या मजल्यावर चूल मांडून. बायको, मुलगी सगळे तिथंच. बिल्डिंगीला दारं बसायला लागली की यांनी बोचकं उचलायचं.

"मुलगी आठ वर्षांची होईपर्यंत दार लावून झोपलीच नव्हती," तो म्हणाला. "पहिल्यांदा खोली घेतली, कडी लावली, तर रडायला लागली. म्हणे आपल्याला कोंडलं."

"आता कुठं असते?"

"सासरी. आता तीन कड्या लावते." बशी उचलून त्याने एक घोट घेतला आणि बशी परत ठेवली. "मंडळी वारली ती नवव्या बिल्डिंगीत. स्लॅबचा चौथा दिवस होता. दोन दिवस दुसऱ्याला पाणी मारायला सांगितलं. तिसऱ्या दिवशी आलो परत."

आईला क्षणभर गलबलून आलं. पण आत जाऊन कप विसळताना तिला वाटलं, इतकं सरळ सांगतो म्हणजे हे चारचौघांना सांगून झालेलं असणार. पाठ असलेलं दुःख.

त्याच बैठकीत तिने आणखी एक प्रश्न विचारला होता. एवढी उन्हं पडलीत, मग ब्लॉक उन्हात वाळवत का नाहीत?

"वाळायला नाही ठेवलेत, माई. प्यायला ठेवलेत," तो म्हणाला. "सिमेंट वाळून घट्ट होत नाही, पाणी पिऊन होतं. तहानलेलं राहिलं की वरून ब्लॉक दिसतो, आत मातीच."

गोड बोलतो, आईने नोंद घेतली.

तिच्या संशयाला कारण नव्हतं असं नाही. मागच्या वर्षीचा राखणदारही असाच गरीब गाय दिसायचा. लेकीला ताई ताई करायचा. त्याने सहा महिने सिमेंटच्या गोण्या कंपाउंडवरून पलीकडे दिल्या तेव्हा कुठं कळलं, आणि तेही सिमेंट कमी पडून एक अख्खी खेप भुसभुशीत निघाली म्हणून. लेक दोन दिवस जेवली नव्हती. "तुला माणसं कळत नाहीत," आई तेव्हा म्हणाली होती. "विश्वास ठेवावा, पण माणसाच्या हातावर नजर ठेवून." नंतरही ती हे म्हणतच राहिली, वेळीअवेळी.

आणि आता लेकीला मोठं काम मिळालं होतं. दोन खोल्यांचा दवाखाना, खांब नाहीत, सगळं छप्पर या ब्लॉकच्या भिंतींवर. तिथल्या इंजिनिअरने सांगून ठेवलं होतं: अठ्ठाविसाव्या दिवशी लॅबमध्ये ब्लॉक दाबून बघणार, किती दाब सोसला तो आकडा पस्तिसाच्या खाली आला तर माल परत.

या कामाच्या ब्लॉकच्या तीन थप्प्या लागल्या. दोन शेडलगत, तिसरी पश्चिमेच्या कंपाउंडला. ती शेडमधून दिसत नव्हती. आईच्या खिडकीतून मात्र तिरकी दिसायची. आणि दुपारी एक ते चार झाकण्या गायब असायचा. कुठं जातो विचारलं तर मशीनवाला म्हणाला, "पंपाच्या खोलीत आडवा होतो. पहाटे पाचला आलेल्या माणसाने दुपारी झोपू पण नये का, माई?" आईने मान डोलावली आणि विश्वास ठेवला नाही. कारण तिसऱ्या थप्पीच्या मागे गोणपाटाखाली काहीतरी उंचवटा होता. अर्ध्या गोणीएवढा.

दुसऱ्याच दुपारी ती चपला सरकवून मागच्या दाराने बाहेर पडली. गोणपाट उचलला. खाली एक धुतलेला शर्ट, कंगवा आणि साबणाची वडी. उंचवटा म्हणजे उलटी घातलेली घमेली. बाकी काही नाही. आईच्या मते हाच पुरावा होता. हुशार माणसाचा माल पहिल्या झटक्यात सापडत नसतो.

खरी अडचण कागदाची होती. थप्पीत ब्लॉकच्या रांगांमध्ये हवेसाठी वीतभर फट असते. त्या फटीत गोणी उभी करून ठेवली तर कुणाच्या बापाला कळणार नाही. म्हणून तिने पश्चिमेच्या अंगाची गाठ सोडली, कागद खालून वर गुंडाळत नेला आणि माथ्यावर ब्लॉक ठेवून दाबला. आता खिडकीतून फट आरपार दिसत होती. ती तांदूळ निवडत खिडकीशी बसली. पावणेचारला जाऊन तिने कागद खाली ओढला. झाकण्याची ती गाठ मात्र तिला जमेना. नुसतंच अडकवून ती परत आली.

आपण काही बिघडवतोय असं तिला वाटलं नाही. उलट जरा ऊन लागलं तर ब्लॉकचं भलंच होईल, असं वाटलं. प्यायला ठेवलेत म्हणे. गादी असो, धान्य असो, ऊन दाखवलेलं काही तिच्या हयातीत वाया गेलं नव्हतं.

पहिल्या अकरा दिवसांत ती अशी बऱ्याच दुपारी गेली. फटीत गोणी दिसली नाही. पण दुसरं काहीतरी दिसलं. प्रत्येक थप्पीशेजारच्या कट्ट्यावर झाकण्या खडूने खुणा करायचा, रोजच्या तीन उभ्या रेघा. पाणी मारल्याच्या असणार, हे तिलाही कळलं. पण पश्चिमेच्या थप्पीपाशी काही दिवसांच्या रेघांपुढे एक फुली होती. फक्त त्याच थप्पीपाशी. फुली कशाची? कंपाउंडपलीकडून कुणी बघत असेल तर त्याला ती अगदी समोर दिसली असती. आज या, आज नको. फुली दिसली की आई मागच्या दाराची कडी दोनदा तपासायची.

मग एका संध्याकाळी तिला खिडकीतून बोलणं ऐकू आलं.

"ताई, दुपारी त्या थप्पीचा कागद कुणी उघडतं का?"

"कोण उघडणार, काका? वारा असेल."

"वारा गाठ सोडत नाही."

रात्री जेवताना लेकीने विचारलं, "आई, दुपारी तू मागं जातेस का कधी?"

"मी कशाला जाऊ त्या चिखलात मरायला?"

उत्तर इतकं सहज निघालं की आईला स्वतःलाच ते खरं वाटलं. आपण खोटं बोललो असं ती मानत नव्हती. आपण जातो हे त्याला कळलं तर तो सावध होईल, एवढाच हिशेब. शिवाय चोराच्या उलट्या बोंबा म्हणतात त्या याच. कागद स्वतःच सोडायचा आणि कोण उघडतं म्हणून विचारायचं.

त्यानंतर मात्र तिला जाता आलं नाही. झाकण्याने दुपारची झोप सोडली आणि तो पश्चिमेच्या थप्पीच्या सावलीत बसायला लागला. उलटा हात ब्लॉकला लावून बघायचा, पोराचा ताप बघतात तसा. मग झारी उचलायचा. म्हणजे माल तिथंच आहे, आई समजली.

अठ्ठाविसावा दिवस आला. लेकीने प्रत्येक थप्पीच्या कडेचे दोन ब्लॉक काढून रात्रभर पाण्यात बुडवले होते. ते घेऊन ती शहरातल्या लॅबमध्ये गेली आणि दुपारी परतली. शेडमध्ये सगळे जमले. आई चहा घेऊन गेली, म्हणजे चहाच्या निमित्ताने.

"पहिली थप्पी बावन्न आणि एकोणपन्नास," लेक कागदावरून वाचत होती. "दुसरी पन्नास, एक्कावन्न. तिसरी तेवीस आणि सव्वीस."

मग मशीनवाला म्हणाला, "माती एका ढिगातली. सिमेंट एकाच गाडीचं. दाब मीच दिलाय, तिन्हीला."

"मग राहिलं काय?"

झाकण्याच बोलला. "पाणी राहिलं."

"मारलंत ना, काका?"

"तीनदा. रेघा आहेत."

"आणि फुल्या?"

"फुली म्हणजे चारला आलो तेव्हा कागद सुटलेला सापडला. पहिल्या अकरा दिवसांत नऊ आहेत."

आईने ट्रे मातीच्या ढिगावर ठेवला. मधल्या एका रविवारी गेली नव्हती, लेक घरी होती. एक दिवस बँकेत गेली होती. नऊ.

"कागद सांभाळायचं काम कुणाचं होतं, काका?" लेकीचा आवाज वर चढला नव्हता, त्यापेक्षा वाईट, सपाट झाला होता.

"माझं."

"मग?"

"पहिले सात दिवस जे हुकलं ते हुकलं, ताई. मग वरून टाकी ओतली तरी आत जात नाही." तो थांबला. पुढं काहीतरी बोलेल असं आईला वाटलं. तो बोलला नाही.

"मी मागच्या वर्षी एकदा पोळलेय," लेक म्हणाली. "विश्वास ठेवावा, पण माणसाच्या हातावर नजर ठेवून, हे मला तेव्हाच कळायला हवं होतं. तुम्ही शनिवारपर्यंत या, काका. पुढचं मी बघते."

ते वाक्य लेकीच्या तोंडून, आपल्याच चालीत, आपल्याच स्वरात ऐकून आईचे कान गरम झाले.

शनिवारी झाकण्या मागच्या दाराशी आला. हातात शेडमध्ये राहिलेला तिचा कप होता, धुऊन पुसलेला. "येतो, माई," म्हणाला. दारात तिच्या चपला होत्या. टाचेपासून अंगठ्यापर्यंत तांबड्या मातीने माखलेल्या, आता वाळून पापुद्रे धरलेल्या. त्याची नजर तिथं गेली आणि थोडी जास्त वेळ राहिली. निदान आईला तसं वाटलं. पश्चिमेच्या थप्पीपाशी जमीन कायम ओली असायची. तिथं बाईमाणसाच्या चपलेचे ठसे उमटत असणार, आणि कारखान्यात दुसरी बाई म्हणजे लेक, ती बूट घालायची.

"दुपारचं उन्हात निघत जाऊ नका," तो म्हणाला आणि गेला.

याला माहीत होतं? केव्हापासून? माहीत होतं तर त्या दिवशी शेडमध्ये बोलला का नाही? मालकिणीच्या आईचं नाव घेऊन काय होणार, असं वाटलं असेल. की नुसतंच काळजीने म्हणाला? की यातही काही डाव आहे, आपण स्वतःहून बोलावं म्हणून? आईने त्या एका वाक्याला दोन दिवस सगळ्या बाजूंनी उघडून बघितलं. आत काही सापडलं नाही, आणि या वेळी त्याचा पुरावा करता येईना.

सोमवारी चहा घेता घेता लेक म्हणाली, "काकांना एका पुलाच्या कामावर घेतायत. मुकादमाने मेसेज केलाय, माणूस कसा आहे म्हणून. संध्याकाळी फोन करते म्हटलं."

"काय सांगणार?"

"झालं ते. कागद सुटा राहिला, अकराशे ब्लॉक बाद झाले."

"म्हाताऱ्याचं काम जाईल गं."

"तूच बोलतेस का हे? पुलाच्या स्लॅबवर पाणी नीट नाही मारलं तर काय होतं माहितीये? खोटं कसं सांगू मी, आई?"

बॅग खांद्याला लावून ती दवाखान्याच्या साइटवर निघून गेली. मशीनवाल्याला जाता जाता सांगून गेली: उद्यापासून तिसरी थप्पी फोडायला घ्या, भरावाला टाकू.

दुपारी आई पुन्हा मागं गेली. आता कागदही नव्हता, गाठही नव्हती. हातात मोठा खिळा होता. मागच्या वर्षी खराब खेप निघाली तेव्हा लेक असाच ब्लॉक खरवडून बघायची, हे तिने पाहिलं होतं. तिने पश्चिमेच्या अंगाचा ब्लॉक खरवडला. पिठासारखी माती सुटून पायावर पडली. त्याच्या वरचा, तसाच. मग तिने पुढचे दोन ब्लॉक ओढून बाजूला केले, मागच्या रांगेत हात घातला आणि तिथं खिळा ओढला. खिळा घसरला, नुसती पांढरी रेघ उठली. आणखी आतला ब्लॉक खरवडला. रेघच. मग वळसा घालून पूर्वेच्या बाजूचा. तिथंही रेघच.

म्हणजे तिने कागद वर गुंडाळून ठेवला होता तेवढंच अंग गेलं होतं. एक बाहेरची रांग. लॅबला गेलेले दोन्ही ब्लॉक याच रांगेतले, त्यांच्या रिकाम्या जागा समोरच दिसत होत्या. बाकीची जवळजवळ हजारभर ब्लॉकची थप्पी झाकण्याने राखली होती, आणि ती उद्या सकाळी फुटणार होती.

आई तिथंच त्याच्या सावलीच्या जागी बसली. एक मार्ग होता. लेकीला नुसतं म्हणायचं, आतले ब्लॉक एकदा तपासून बघ गं, मला आपलं सहज वाटलं. थप्पी वाचली असती. पण मग लेक विचारणार, एकच अंग कसं गेलं? वारा, म्हणता आलं असतं. आणि वाऱ्याने सुटलेला कागद बघायचं काम कुणाचं, तर त्याचंच. फिरून तेच.

झाकण्याला फोन करायचा विचारही येऊन गेला. त्याचा नंबर पंपाच्या खोलीच्या दारावर खडूने लिहिलेला होता. पण त्याला काय सांगणार? त्याला न कळलेलं एकही वाक्य तिच्याकडे नव्हतं. ते कळायचं होतं दुसरीला. आणि त्या दुसरीला कळल्यावर ती काय म्हणेल, हेही आईला शब्दाशब्दाने ऐकू येत होतं. मी विचारलं होतं तुला. जेवताना. तू तोंडावर नाही म्हणालीस. तुझं ऐकून ऐकून मी त्या माणसाला काढलं. यापुढे कारखान्यात पाऊल टाकलं तर लेक तिच्या हातांकडे बघेल. ज्या नजरेने बघायला तिनेच शिकवलं होतं, त्याच नजरेने. आणि ती किती दिवस बघेल याचा काही नेम नव्हता.

लेकीच्या भल्यासाठीच केलं, हे वाक्य तिने एकदा मनात म्हणून पाहिलं. खिळ्याखालच्या मातीसारखं ते सुटून आलं.

मुकादमाला संध्याकाळी फोन जायचा होता. ती उठून घरात आली तेव्हा घड्याळात साडेतीन वाजत होते. आईने हाताची माती धुतली, पदराला बोटं कोरडी केली, चष्मा चढवला आणि मोबाइलमध्ये लेकीचा नंबर काढला.